म्हातारीने लावलेली कडी
एका घाटावर, जिथे वाडी संपून रान सुरू होतं, तिथे एक म्हातारी एकटीच राहायची. तिची मुलगी हौसा लग्न होऊन दूर खाडीकाठी गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. जेवायला बसली की म्हातारी कोंबड्यांशी बोलायची. ऐकायला दुसरं होतं कोण?

एके दिवशी तिच्या बरगडीवर आग आग होऊन पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. बायका म्हणाल्या, "अगं बाई, नागीण! तोंड नि शेपूट जुळलं की माणूस जातो." मग तिच्या अंगणात कुणी फिरकेना.

वैद्य तेवढा आला. "आजी, लहानपणी कांजण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या. पण तेव्हाच बऱ्या झाल्या की."

"फोड बरे झाले, विषाणू गेला नाही. अंगातले शिपाई त्याला शोधून मारत होते, तेव्हा तो मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन निपचित पडला. तिथे तो त्यांना दिसत नाही. आता वय झालं, पहारा सैल पडला, तसा तो बाहेर आला. तोंड-शेपूट जुळून कुणी मरत नाही. पण ज्याला कांजण्या आल्या नाहीत, त्याला या फोडांतलं पाणी लागलं तर त्या होतील. तान्ह्या लेकराला फार जड जातात. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत जप."

"तान्हं लेकरू आणू कुठून जपायला?" म्हातारी पुटपुटली.

तिसऱ्याच दिवशी दारात बैलगाडी थांबली. हौसा! आणि तिच्या कुशीत दोन महिन्यांचं बाळ.

म्हातारी उंबऱ्यापर्यंत धावली आणि थबकली. हौसाला कांजण्या कधी आल्याच नव्हत्या. क्षणभर म्हातारीला वाटलं, पदर ओढून घ्यावा, काही बोलूच नये. एकदाच बाळाला छातीशी धरावं. कुणाला कळणार आहे?

मग तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"आई! तीन वर्षांनी आले, आणि दार लावतेस?"

"मला नागीण झालीय, पोरी. तुम्हा दोघांना बाधेल. माघारी जा."

हौसाने अंगणातूनच बाळ उंच धरलं. खिडकीतून म्हातारीला त्याचा चेहरा नीट दिसलाही नाही. गाडी वळली, तेव्हा ती दाराला पाठ लावून आवाज न करता रडत होती.

वीसेक दिवसांनी खपल्या पडल्या. बरगडीतली कळ मात्र राहिली. त्या कळेसकट म्हातारी घाट उतरली आणि दोन दिवस चालत खाडीकाठी पोचली. बाळ गुटगुटीत होतं. तिने मांडीवर घेताच त्याने भोकाड पसरलं.

"अजून तुला ओळखत नाही गं," हौसा ओशाळून म्हणाली.

"रडू दे," म्हातारी म्हणाली. "रडायला धडधाकट आहे, हेच खूप."

तात्पर्य: जवळ घेण्यात माया असतेच, पण आपल्यामुळे दुसऱ्याला बाधणार असेल, तेव्हा दूर राहायला त्याहून मोठी माया लागते.