म्हाळोजीचा वायदा

पंचांगात शोधूनही सापडणार नाही इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात दोन सुतार राहत होते, म्हाळोजी आणि लिंबाजी. म्हाळोजीच्या हाताला जी सफाई होती, ती लिंबाजीच्या हाताला नव्हती. हे गावाला ठाऊक होतं आणि लिंबाजीलाही.

त्या गावात ज्वारी पेरायला तीन फणांची पाभर वापरत. प्रत्येक फणामागच्या नळीतून बी जमिनीत पडे. एका वर्षी दोन्ही सुतारांनी चार फणांची पाभर करायला घेतली. एका फेरीत चार ओळी पेरून होणार, म्हणून सारं गाव तिची वाट पाहू लागलं.

लिंबाजी दर बाजाराच्या दिवशी पारावर येई आणि काम कुठवर आलं ते सांगे. दसऱ्याला महिना उरला तेव्हा तो म्हणाला, “मंडळी, चौथ्या नळीत बी अडकतंय. का, ते मला अजून उमगलं नाही. यंदाच्या पेरणीला पाभर मिळायची नाही. जुन्या घेऊन या, दुरुस्त करून देतो.”

लोक हिरमुसले, पण रागावलं कुणीच नाही. तान्हूबाई नावाच्या म्हातारीने तर त्याला तांब्याभर ताक आणून दिलं.

म्हाळोजीने हे आपल्या दारातून पाहिलं. तो मनाशी म्हणाला, ‘काम झालं नाही याचं, आणि ताकही यालाच! माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.’

लोक बघणार तरी कसे? कुणी विचारलं की म्हाळोजी म्हणे, “होईल तेव्हा कळेल,” आणि दार लावून घेई. त्याच्याही चौथ्या नळीत बी अडकत होतं. पण ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तो तरातरा पारावर गेला. “माझी पाभर दसऱ्याला मिळेल! हवी त्याने यावं.”

सगळे त्याच्याभोवती जमले. तान्हूबाईने विचारलं, “नक्की ना रे बाबा? माझी जुनी पार खिळखिळी झालीय. दुरुस्त करू, की सरपणाला फोडू?”

म्हाळोजीने लिंबाजीकडे पाहिलं. लिंबाजी निवांत ताक पीत होता.

“फोडा खुशाल,” म्हाळोजी म्हणाला.

लिंबाजी आनंदाने जवळ आला. “तुझी नळी मोकळी झाली? कशी केलीस, मलाही सांग की.”

“तुला कशाला सांगू?” असं म्हणून म्हाळोजी निघून गेला.

दसरा आला, तरी नळी तुंबतच होती. म्हाळोजीने ती आतून तेल लावून गुळगुळीत केली आणि दोन मुठी बी सोडून दाखवलं. तेवढं पडलं. पाभरी घरोघर गेल्या, पेरण्या उरकल्या. माती सगळं झाकून घेते, म्हणून आठ दिवस कुणाला काही कळलं नाही.

मग कोंब वर आले. तीन ओळी हिरव्या आणि चौथी कोरी, पुन्हा तीन हिरव्या आणि चौथी कोरी. असं शिवारभर. जमिनीची ओल उडाली होती, पुन्हा पेरायची सोय नव्हती.

तान्हूबाई बांधावर उभी राहून म्हणाली, “म्हाळोजी, होत नव्हतं तर नाही म्हणायचंस. मी जुनीनं पेरलं असतं. माझ्या घरात चार तोंडं आहेत. आता चौथ्याला काय घालू?”

म्हाळोजी घरी परतला आणि पाभर पुन्हा खोलून बसला.

वर्षभर खपून त्याने खरोखरच दोष शोधला. चारही नळ्यांतून बी सरसर पडू लागलं. तो पारावर जाऊन म्हणाला, “पाभर झाली. या खेपेला खरंच झाली.”

लोकांनी ऐकून घेतलं. त्याच्या बायकोची खुशाली विचारली. आणि मग लिंबाजी आल्यावर सगळे त्याच्याकडे वळले.

“यंदाही नाही जमलं, मंडळी,” लिंबाजी म्हणाला.

लोक उठले, घरी गेले आणि घरोघर उरलेल्या जुन्या पाभरी दुरुस्तीला घेऊन आले. गावातली सगळ्यात चांगली पाभर म्हाळोजीच्या दारात धूळ खात उभी राहिली.

तात्पर्य: मत्सरापोटी दिलेला खोटा शब्द पुढच्या खऱ्या शब्दालाही खाऊन टाकतो.