थेंबुलीचा हरवलेला पेड

सगुणाच्या अंगात खोल्या होत्या. किती? मोजता येणार नाहीत इतक्या. केवढ्या? डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या. शिकलेली माणसं त्यांना पेशी म्हणतात. आपण खोली म्हणू.

एका खोलीत होती थेंबुली. थेंबुली म्हणजे इवला बुडबुडा. तिच्या पोटात दूध. बाहेर सगुणाचं तान्हं बाळ, आबू. आबूला लागली होती भूक.

थेंबुली निघाली. दोरीवरून चालणाऱ्या हमालाच्या पाठीवर बसली. हमालाला पाय दोन, तोंड नाहीच.

टप टप, टप टप. आलं दार.

दारावर मावशी. तिच्या हातात तीन पेड. चौथा पेड दूधवालीनं आणायचा. मग चारांची वेणी घालायची, घट्ट ओढायची, की दार उघडायचं. तिथली रीतच तशी.

मावशी म्हणाली, "पेड दे."

थेंबुलीनं अंग चाचपलं. इकडे नाही. तिकडे नाही. पेड कालच्या वेणीतच राहिला होता. ती म्हणाली, आजच्या दिवस तीनपेडी घाल की.

मावशी म्हणाली, "तीनपेडी डोक्याला. दाराला चारपेडी."

टप टप, टप टप. थेंबुली गेली उकल्यादादाकडे. जुन्या वेण्या सोडवणं हे त्याचं काम.

"दादा, दादा, पेड मिळेना, दार उघडेना, दूध जाईना. माझी वेणी सोडव."

दादा म्हणाला, गाठ बघ केवढी घट्ट. ताकदीचा दाणा खाल्ल्याशिवाय माझे हात चालत नाहीत.

टप टप, टप टप. थेंबुली गेली भट्टीकाकूकडे. काकू दाणे भाजायची.

"काकू, काकू, वेणी सुटेना, पेड मिळेना, दार उघडेना, दूध जाईना. एक दाणा दे."

काकू म्हणाली, देते की. साखर आण. रिकाम्या भट्टीत काय माझं डोकं भाजू?

टप टप, टप टप. थेंबुली गेली खिडकीशी. खिडकीबाहेर रक्ताची नदी. नदीत नावाडीकाका. तो साखर आणायचा.

"काका, काका, भट्टी पेटेना, वेणी सुटेना, पेड मिळेना, दार उघडेना, दूध जाईना. साखर दे."

काकानं नाव उलटी करून दाखवली. खडखडाट. सगुणा सकाळपासून जेवलीच नव्हती. पण काका मनाचा बरा. म्हणाला, तू थांब, मी विचारून येतो.

सळसळ सळसळ. नाव गेली सगुणाच्या पोटाशी. पोट वाजलं, गुर्र गुर्र. म्हणजे काय?

"साखर येईना, भट्टी पेटेना, वेणी सुटेना, पेड मिळेना, दार उघडेना, दूध जाईना. सगुणे, जेव."

सगुणाच्या दोन्ही हातांत आबू. ती म्हणाली, हा निजला की जेवते.

मग पोटानं आबूलाच विचारलं.

"आई जेवेना, साखर येईना, भट्टी पेटेना, वेणी सुटेना, पेड मिळेना, दार उघडेना, दूध जाईना. आबू, नीज."

आबू म्हणाला, "ट्यँहा." म्हणजे, आधी दूध, मग झोप.

सळसळ सळसळ. काका खिडकीशी आला. सगळं सांगितलं.

थेंबुली म्हणाली, "बाळ निजेना, आई जेवेना, साखर येईना, भट्टी पेटेना, वेणी सुटेना, पेड मिळेना, दार उघडेना, दूध जाईना. आणि दूध जाईना, म्हणून बाळ निजेना."

आता जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नाही. हमालही थांबला. थेंबुली बसून राहिली.

बाहेर स्वयंपाकघरात होत्या भागीरथी आत्या, आबूच्या बाबांच्या आत्या. बाळंतिणीसाठी हळिवाचे लाडू वळत होत्या. त्यांनी ते गुर्र गुर्र ऐकलं. तशाच आल्या.

सगुणा म्हणाली, आत्याबाई, हात गुंतलेत, मागाहून खाते.

आत्या म्हणाल्या, "हात गुंतलेत ना? तोंड मोकळं आहे. आ कर."

सगुणानं आ केलं. लाडू गेला तोंडात. मचमच मचमच.

मग काय.

आई जेवली, साखर आली. साखर आली, भट्टी पेटली. भट्टी पेटली, दाणा फुटला. दादानं दाणा खाल्ला, वेणी सुटली. वेणी सुटली, पेड मिळाला.

टप टप, टप टप. थेंबुली आली दाराशी. मावशीचे तीन, थेंबुलीचा एक. पिळला, ओढला, घट्ट. दार उघडलं.

दूध गेलं बाहेर. थेंबुली दारातच पसरली, भिंतीला मिळून भिंत झाली. बुडबुड्यांचं असंच असतं, आज भिंत, उद्या पुन्हा बुडबुडा.

आबू प्यायला. चुटुक चुटुक. ओठांच्या कडेनं एक ओघळ आला, तो आत्यांनी पदरानं टिपला. आबू निजला. सगुणानं दुसरा लाडू घेतला, आपल्या हातानं.

बुडबुडा गेला भिंतीत, दूध गेलं पोटात, आणि गोष्ट आली तुमच्या कानात.