रिकामी बाटली

चित्राताई गेली त्याला सतरा दिवस झाले होते. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि प्रयोगाची खोली तिनेच उभी केली होती. मी सातवीत शाळा सोडली, पुढे तिथेच शिपाई झालो, तरी खिडकीतून तिचे प्रयोग बघत राहायचो.

त्या दुपारी शाळेचे अध्यक्ष रावसाहेब मोहोळकर त्या खोलीत आपलं ऑफिस थाटायला आले. कपाट बघून मला म्हणाले, "ह्या रिकाम्या बाटल्या उचल रे. आहेच काय ह्या खोलीत?"

माझं डोकं सणकलं. मी एक बाटली घेतली, तिच्या तोंडात नरसाळं बसवलं आणि भोवतीची फट ताईसारखीच ओल्या शाडूने लिंपली.

"रिकामी आहे ना, रावसाहेब? मग भरून दाखवा. भरली तर खोली तुमची."

हसत हसत त्यांनी तांब्या ओतला. चार थेंब आत पडले आणि बाकी पाणी नरसाळ्यातच थांबलं. त्यांनी बाटली हलवली, आपटली.

"आत आहे तरी काय?"

"हवा. ताई म्हणायची, हवेचे रेणू दिसत नाहीत, पण सारखे धावत असतात. त्यांना बाहेर पडायला वाट नाही, म्हणून पाण्याला आत जागा नाही. एवढीशी बाटली तुम्हाला भरता येईना, आणि अख्खी खोली रिकामी म्हणता?"

रावसाहेबांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते. न दिसणारं कुणीतरी त्यांना अलगद ढकलत होतं. मी दार हळूच ओढून घेतलं, आतल्या कुणाला धक्का लागू नये म्हणून.