ठकीचा पहिला दिवाळसण

एका गावात माणसं थोडी आणि राजेराण्याच फार. कारण गाव होतं लाकडी खेळणी घडवणाऱ्यांचं. घरोघरी राजे, राक्षस, चेटकिणी, उडते घोडे, आणि ज्यात राक्षसाचा जीव असतो तो पोपटसुद्धा. सोबत एक कापडी पट आणि कवड्या. कवड्या टाकत पुढे सरकायचं आणि राक्षसाच्या तावडीतून राजकन्या सोडवायची, असा तो खेळ. लांबलांबचे हौशी लोक हे संच जमवायला यायचे.

याच गावात एक काकू राहायच्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट, कपाटात परीकथेतला अख्खा दरबार, आणि किल्ली काकूंच्या कमरेला. "बघा रे, पण लांबून!" हे वाक्य आळीतल्या पोरांना तोंडपाठ होतं. पोरं तरीही काचेला नाकं लावायची. ती गेली की काकू नाकांचे ठसे पुसत बसायच्या.

दरबारात कमी होती ती फक्त राजकन्या. मान वळवता येणाऱ्या राजकन्या गावातल्या बुजुर्ग कारागिराने अगदी मोजक्या केल्या होत्या आणि बाकीच्या कधीच परगावी गेल्या होत्या. गावात उरलेली एकुलती एक राजकन्या कुठे असावी? काकूंच्या समोरच्याच घरात, कासाराच्या लेकीच्या कडेवर! नाकाचा टवका उडालेला, हातात मण्यांच्या बांगड्या, आणि नाव काय, तर ठकी.

दिवाळीच्या पाडव्याला गावची जत्रा भरायची. ज्याचा संच पुरा, त्याचा दरबार वाजतगाजत मधल्या मांडवात बसायचा. तो मान एकदा तरी आपल्याला मिळावा म्हणून काकूंचा जीव नुसता तुटायचा.

एके दिवशी त्यांनी मुलीला ओट्यावर गाठलंच. "बाळ, ठकी मला देतेस? बदल्यात चेटकीण घे. माझ्याकडे जास्तीची आहे."

"नको."

"बरं, उडता घोडा घे."

"काकू, ती अशी कुणाला द्यायची नाहीये. ती आता लग्नाची झालीये."

काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्न झाल्यावर मुलगी जाते कुठे? सासरी!

"अगं, मग आमचा राजपुत्र काय वाईट आहे? देखणा, तलवारवाला, एकुलता एक. शिवाय स्वतःचं काचेचं घर!"

मुलगी ठकीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "ठकीला पसंत आहे. पण सगळ्या रीती करायच्या हं. खऱ्या लग्नातल्यासारख्या."

"रीत म्हणजे रीत! एकसुद्धा चुकायची नाही," काकू म्हणाल्या. आनंदाच्या भरात माणूस काय कबूल करतो, ते त्याचं त्यालाच कळत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्न लागलं. हातरुमालाचा अंतरपाट, मुठीमुठीने अक्षता, आणि आळीतल्या पोरांनी बेसूर म्हटलेल्या मंगलाष्टका. पाठवणीच्या वेळी मुलगी अशी काही रडली, की काकूंनाही पदर डोळ्यांना लावावा लागला. घरी येऊन त्यांनी ठकीला कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि समाधानाने चहा टाकला. संच पुरा!

चहाला उकळी फुटायच्या आत दारात हाक आली. "अहो विहीणबाई! मुलीला मांडव परतायला न्यायला आलेय. जावईबापूंनाही पाठवा."

काकूंनी आ वासला. पण रीत म्हणजे रीत. नवी जोडी माहेरी गेली आणि संध्याकाळी परत आली, ती चिखलाचे पाय घेऊन.

मग आषाढ आला, ठकी माहेरी. नागपंचमी आली, ठकी माहेरी. मंगळागौरीला तर मुलगी चेटकिणीलाही घेऊन गेली. "झिम्मा घालायला बायका कमी पडतात हो, विहीणबाई!" काकू रोज चिडायच्या, रोज किल्ली फिरवायच्या, आणि खिडकीच्या फटीतून समोर काय चाललंय तेही बघायच्या. समोर काय हसणं चालायचं!

असं करता करता पाडवा उजाडला. काकूंनी एकेक बाहुला पुसून चकचकीत केला, परातीत लाल कापड अंथरलं. जत्रेची माणसं दरबार न्यायला येणारच होती. तेवढ्यात कासाराची लेक नवा परकर नेसून दारात उभी राहिली. हातात निरांजनाचं तबक आणि एका वाटीत नखाएवढ्या करंज्या.

"विहीणबाई, आज पहिला दिवाळसण. जावयाला न्यायला आलेय."

"आज?" काकू जवळजवळ ओरडल्याच. "अगं, आज जत्रा! आज माझा मान आहे! उद्या ने की!"

मुलगी भांडली नाही. निरांजन विझू नये म्हणून तिने हाताचा आडोसा धरला आणि हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता, रीत म्हणजे रीत."

काकूंचा हात किल्लीवर थबकला. त्यांनी ठकीकडे पाहिलं. आदल्या दिवशी तिला परत पोचवतानाच मुलीने तिची मान दाराकडे वळवून ठेवली होती. सासुरवाशीण वाट बघत उभी असावी, अगदी तशी. काकूंना हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"ने बाई," त्या म्हणाल्या. "दिवाळसण काही रोज येत नाही."

"ने काय? तुम्हीपण चला! विहीणबाईंशिवाय कसला दिवाळसण? आणि वऱ्हाड?"

झालं! परातीत राजा, राणी, राक्षस, पोपट, घोडा, सगळे बसले आणि वरात निघाली समोरच्या अंगणात. ओवाळणं झालं, करंज्या वाटल्या, पट मांडला. आळीतली पोरं जमली, मग पोरांना शोधत मोठी माणसं आली. काकू राक्षसाकडून खेळत होत्या आणि गडगडाटी हसत होत्या.

तिकडे जत्रेत ढोल वाजला. मान शेजारच्या गावातल्या कुणाला तरी मिळाला. काकूंनी एकदा तिकडे मान वळवली. तेवढ्यात पोरं ओरडली, "काकू, डाव तुमचा! टाका कवड्या!"

गर्दीतून तो बुजुर्ग कारागीर पुढे आला. त्याने ठकीला उचललं आणि तिच्या नाकावरून बोट फिरवलं.

काकू ओशाळल्या. "टवका उडालाय हो तिचा."

"उडायचाच," तो खुशीत म्हणाला. "मी घडवलेल्या बाकी सगळ्यांचं नाक शाबूत आहे, कारण त्या कपाटात आहेत. सासर-माहेर बघितलेली ही एकटीच. दे पोरी, नवं नाक बसवून देतो."

"नको!" मुलगी म्हणाली. "मग तिला कुणी ओळखणार नाही."

काकूंच्या कमरेला हल्ली किल्ली नसते. कपाट उघडंच असतं, दरबार सदानकदा कुणाच्या तरी अंगणात असतो, आणि काचेवर नाकांचे ठसे मात्र अजून उमटतात. कारण रिकाम्या खणांत आता चकल्यांचे आणि लाडवांचे डबे असतात!

तात्पर्य काय, तर खेळणं कुलपात ठेवलं की आपल्याला त्याची राखण करावी लागते. चौघांत खेळायला काढलं की तेच आपल्याला चार माणसं जोडून देतं.