दौलूची गाडी

“मग माझं का म्हणून कुणी खरं मानत न्हाई, उस्ताद? चौथी शिकलेलीला डोळं नसत्यात काय?”

आक्काताई शेडच्या दारातूनच बोलत आत आली. पदर खोचलेला, हात ग्रीसनं काळे, मुठीत एक पितळी पट्टी.

उस्ताद खाटेवर बसून बशीत चहा ओतत होते. नाव केदारी लोहार. पण गाड्यांच्या धंद्यातला लहानथोर त्यांना उस्तादच म्हणायचा. नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

“बस,” ते म्हणाले.

आक्काताई बसली नाही. तिला बसवतच नव्हतं. आठ दिवस झाले, तापल्या खापरातल्या लाहीसारखी ती घरात आणि गॅरेजात तडतडत होती.

कारण एकच, गाडी. गावच्या इनामदारांची जुनी विलायती गाडी चाळीस वर्षं कडब्याखाली पडून होती. नातवानं ती विकायला काढली आणि आक्काताईनं घेतली. याच गाडीवर तिचा बाप दौलू ड्रायव्हर होता. त्यानं ती दुरुस्तीला पुण्याच्या एका गॅरेजात नेली, आणि महिन्याभरानं परत आणली. दोन वर्षांनी इंजिन बसलं, उघडलं, तेव्हा कळलं की गाडी ती नव्हेच. तसलीच दिसणारी, पण भंगार. दौलू सांगत राहिला, “त्यांनी जशी दिली तशी आणली.” कुणी ऐकलं नाही; खरी गाडी त्यानंच विकून खाल्ली, असं गावानं ठरवलं. तो झुरून मेला. पण गावानं त्याचं नाव काही मरू दिलं नाही. आजही कुणाला बाजारात फसवा बैल मिळाला, कुणाच्या लुगड्याचा रंग गेला, की गाव दात काढून म्हणतं, ‘झाली दौलूची गाडी!’

आक्काताईच्या हळदीतसुद्धा कुणीतरी हे म्हणालं होतं. ती ते विसरली नव्हती.

“बोल,” उस्ताद म्हणाले.

“गाडीवरची नंबराची पट्टी खोटी हाय.”

“कुणाला सांगितलंस?”

“सगळ्यांस्नी! जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात त्या टोपीवाल्या जाणकारांस्नी सांगितलं, तर हसलं. म्हणं, बाई, नंबर कागदाशी जुळतोय, तुम्ही घरी जाऊन भाकऱ्या थापा. घरी मालकांस्नी सांगितलं, तर ते म्हणले, आपल्याच म्हशीला मारकी म्हणत गावभर हिंडतीस व्हय?”

“पट्टी काय म्हणती?”

आक्काताईनं पट्टी त्यांच्या नाकासमोर नाचवली. “पैली अक्षरं म्हंजे गाडीचा प्रकार. मग बनवल्यालं साल, चोपन्न. मग रंगाचा आकडा, गर्द हिरवा. शेवटी गाडीचा नंबर. पुस्तकात बघा, सगळं बरोबर. पर मी पट्टी काढली तर खालचा पत्रा मलईच्या रंगाचा! आणि दुसऱ्याच पट्टीची भोकं, लांब लांब.”

“मग पट्टी खरी, गाडी खोटी.”

“पट्टीबी खोटी! खरी पट्टी खऱ्या गाडीसंगं गेली. कारखान्यातलं आकडं रांगेत उभं असत्यात. हे बघा, तमाशागत नाचत्यात. हातानं ठोकल्यात.”

उस्तादांनी फुर्रकन घोट घेतला. “हुशार झालीस.”

“हुशारी घाला चुलीत! मला नाव पायजे. ही पट्टी कुणी केली, त्याचं नाव. परवा गावची जत्रा हाय. मंडपात माइक असतोय. सगळ्या गावादेखत घेणार ते नाव.”

“कुणावर संशय?”

“इनामदाराचा मेव्हणा.”

“त्यानं जन्मात हातोडा धरला न्हाई. बोटातल्या अंगठ्या झिजल्या असत्या.”

“मग दिवाणजी.”

“त्याला भिंतीत खिळा मारायला गडी लागायचा.”

“थट्टा करू नका, उस्ताद! हिकडं माझा बाप...”

ती खाटेपासून दारापर्यंत गेली, दारापासून खाटेपर्यंत आली.

“आक्के, बस.”

“न्हाई बसत.”

“पहिल्या दिवशी काय शिकवलं हुतं तुला?”

“आकडा वाचू नगं, हात वाच.”

“मग आठ दिवस काय वाचतीस?”

...

दौलू गेल्यावर चोराची पोर म्हणून आक्काताईला कुणी भांडी घासायलाही उभं करत नव्हतं. तेव्हा उस्ताद आपल्या पायानं तिच्या दारात आले होते. बाईमाणसाच्या हातात पाना दिला म्हणून बाजार त्यांच्या तोंडावर थुंकला. त्यांनी तोंड पुसलं आणि तिला दुसरा पाना दिला. आकडे ठोकायच्या पोलादी पंचांची डबीही त्याच दिवशी दिली. ती डबी अजून तिच्या पिशवीत असते. इंजिन खोललं की सुट्या भागांवर ती त्याच पंचांनी नंबर मारते.

“डबी काढ,” उस्ताद म्हणाले. “ह्या पत्र्यावर सहा मार.”

“आत्ता? कशापायी?”

“मार.”

तिनं फणकाऱ्यानं गुडघा टेकला. पत्रा दगडावर ठेवला, सहाचा पंच धरला, हातोडी मारली. मग पंच जरा कलता करून वर एक हलका ठोका दिला. विचार करावाच लागला नाही. त्या सहाच्या शेपटीचा टवका फार पूर्वीच उडालेला. दुसरा ठोका दिल्याशिवाय शेपूट उमटतच नाही. उस्तादांनीच तसं शिकवलं होतं.

“आता पट्टीतला सहा बघ.”

तिनं पट्टी पत्र्याशेजारी धरली, उजेडाकडं केली.

पत्र्यावरच्या सहाची शेपूट दुहेरी होती.

पट्टीवरच्या सहाचीही.

...

“उस्ताद... हा तर माझा हात हाय.”

“तुला कुणी दिला?”

छपरावर कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज आत ऐकू येत होता.

आठ दिवसांत पहिल्यांदा आक्काताई खाली बसली. जमिनीवरच, ग्रीसच्या डागात. तिनं डबीकडं पाहिलं. मग त्या म्हाताऱ्या हातांकडं पाहिलं. बशी जराही हलत नव्हती.

“हे पंच...”

“पुण्यातनं आणलं. त्या गॅरेजातली नोकरी सोडली तवा.”

अडतीस वर्षं तिनं या माणसाच्या पायाला हात लावल्याशिवाय कुठलं इंजिन उघडलं नव्हतं. तिच्या हातात हातोडी होती. ती तिनं आवळून धरली... आणि तशीच धरून ठेवली.

“मग मला वाचायला कशाला शिकवलंसा?” तिच्या तोंडून एवढंच निघालं.

उस्तादांनी उरलेला चहा जमिनीवर ओतला. भिंतीला धरून उठले. खुंटीवरचा पटका काढला, झटकला, आणि लग्नाला निघाल्यासारखा नीट, एकेक वेढा देत डोक्याला बांधला.

“परवा मला माइकपाशी घेऊन चल,” ते म्हणाले. “गावाला सांगायचं हाय, म्हण चुकलीया... गाडी दौलूची न्हवं. केदारी लोहाराची.”