हिरवी शाल

एकदा एका वृद्ध कोतवालाकडे त्याचा शिष्य घाबराघुबरा होऊन आला. गावातला केरबा परागंदा झाला, त्याला एक तप उलटले होते. येत्या अमावास्येला घरचे लोक शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देणार होते. एकदा अग्नी दिला की शोध कायमचा संपणार होता.

"आबा, सगळे एकमुखाने सांगतात, तो हिरवी शाल पांघरून नदीपार गेला. पण नदीपलीकडे आजवर काही म्हणून हाती लागलं नाही."

वृद्धाने शिष्याला माजघरात बसवले आणि खुशाल दवंडी पिटवली, "कोतवालांचा शिष्य हरवला आहे हो! डोक्याला पिवळा रुमाल आहे हो!" शिष्याच्या सात पिढ्यांत कोणी पिवळा रुमाल बांधला नव्हता.

दिवेलागणीपर्यंत दारात रीघ लागली. परटाने पिवळा रुमाल पाणवठ्यावर पाहिला होता. हलवायाने त्याला पेढे दिले होते. एका आजीबाईंनी तर त्याला हाकही मारली होती. दाराआडून ऐकताना शिष्याला आधी हसू फुटले, मग मात्र अंगावर काटा आला.

वृद्ध म्हणाला, "ही माणसं खोटारडी नाहीत रे. त्यांना मदतीची घाई झाली आहे. आपण दिलं तेच त्यांनी आपल्याला परत केलं. आता सांग, केरबा गेला तेव्हा शालीची खूण दवंडीवाल्याला कोणी सांगितली होती?"

"केरबाच्या आईनं," शिष्य म्हणाला.

दोघे केरबाच्या घरी गेले. म्हातारीने प्रश्न ऐकला आणि पेटी उघडली. हिरवी शाल घडीसुद्धा न मोडता आत होती. "मीच म्हणाले त्याला, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तशा थंडीत उघडाच गेला. हे चारचौघांत कसं सांगू? मागचं दार वाजलेलं ऐकलं फक्त."

मागच्या दारापासून वाट डोंगराकडे जात होती. तिकडे आजवर कोणी फिरकलेच नव्हते.

अग्निसंस्कार थांबला. दवंडीवाल्याने विचारले, "आता कोणती खूण सांगू?"

"खूण नको. डोंगरापलीकडच्या गावागावांत एवढंच सांग, केरबा, आईचा राग गेला आहे," वृद्ध म्हणाला.

म्हातारीने शाल शिष्याच्या हाती दिली. "ऐकायला तो असेल ना हो, बाबा?"

शिष्याने शाल छातीशी धरली आणि तो डोंगराच्या वाटेला लागला.