सहा कोसांवरची शर्यत

झुळूक घोडी सलग सातव्यांदा शेवटी आली आणि राजा धवलसेनानं हुकूम काढला: तिला चुन्याच्या घाणीला जुंपा, आणि तिच्या मोतद्दाराला पागेतून हाकला.

तिला हरताना राजानं स्वतः पाहिलं होतं. म्हणजे, गादीवर बसून पाहिलं होतं. शर्यतीचं मैदान राजवाड्यापासून सहा कोसांवर. तिथे धूळ असते, ऊन असतं आणि रयत असते; ही तिन्ही राजेसाहेबांना सोसत नसत. म्हणून मधल्या पाच टेकड्यांवर माणसं उभी केली होती. सात घोडे, सात रंगांची निशाणं. दर पौर्णिमेला मैदानावर जो क्रम लागेल त्या क्रमानं निशाणं हलायची, एका टेकडीवरून दुसरीवर, थेट राजवाड्यापर्यंत. इथे सज्जात भाट गुणनिधी उभे असत. निशाणं नुसता क्रम सांगायची. बाकीची शर्यत भाटबुवा पदरची घालत. कोणाच्या तोंडाला फेस आला, कोणी कोणाला वळणावर गाठलं, हे सगळं त्यांना सहा कोसांवरून लख्ख दिसे. दरबारी लोक विडे चघळत पैजा लावत, आणि उन्हात उभं राहून शर्यत बघणाऱ्यांची कीव करत.

राजाची पैज मात्र दर वेळी झुळुकेवरच. तो मैदानावर जात असे त्या काळी तिनं एकही शर्यत सोडली नव्हती. आता सात पौर्णिमांत त्याच्या सात अंगठ्या गेल्या, आणि कारभाऱ्यांची बोटं भरली.

हुकूम ऐकून मोतद्दार हैबती मटकन खाली बसला, तो उठेचना. तेव्हा त्याची बायको साळू म्हणाली, मी जाते. म्हणाली खरी, पण लगेच पस्तावली. पदरात चार महिन्यांचं पोर. न्यावं तर दरबारात रडेल, ठेवावं तर घरी रडेल. पडसं होईल का? दृष्ट लागेल का? आणि राजासमोर आपल्याला शब्दच सुचला नाही तर? शेवटी तिनं पोराला झोळीत बांधलं. आपली वाचा बसलीच, तर निदान तो तरी ओरडेल.

दरबारात तिनं सांगितलं की घोडी हरलेलीच नाही. सगळे हसले. भाटबुवांनी शपथेवर सांगितलं की कालच्या शर्यतीत झुळूक मान टाकून, धापा टाकत कशीबशी पोचली. आपण या डोळ्यांनी पाहिलं. साळू कारण सांगायला लागली, तोच राजानं हात वर केला.

"कारण नको. हरणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या मोतद्दाराकडे एक कारण असतंच. मला दाखव. येत्या पौर्णिमेला झुळूक शर्यतीत असली पाहिजे, आणि ती हरली नाही हे मला इथे, माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मी गादीवरून उठणार नाही. तोवर घाणी थांबेल."

कारभारी गोड आवाजात म्हणाले, "बाई, मैदान सहा कोस लांब आहे, ठाऊक आहे ना?"

"तिथूनच चालत आलेय," साळू म्हणाली.

पौर्णिमा आली. राजानं हट्टानं आठवी अंगठी झुळुकेवर लावली. कारभाऱ्यांनी मोकळं बोट चाचपून पाहिलं. टेकडीवर पहिलं निशाण हललं आणि भाटबुवांना जोर चढला. पहिला आला, दुसरा आला, तिसऱ्यानं चौथ्याला टापेखाली टाकलं! सहा निशाणं झाली. मग सातवं हललं, झुळुकेचं.

"अरेरे, महाराज! वळणावर पाय घसरला. पार मागे पडली."

इतक्यात खाली चौकात घोडी खिंकाळली. राजानं गादीवरूनच कठड्याखाली पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या. टेकडीकडे तोंड केलेल्या भाटबुवांना त्यानं शांतपणे विचारलं, "आता कुठे आहे हो ती?"

"आत्ताच पोचली, महाराज. सगळ्यांच्या मागून."

"कशी दिसतेय?"

"पार गळून गेलीय. उभं राहवत नाहीये बिचारीला."

"अंगावर पाजताना होतं तसं," खालून साळू म्हणाली.

भाटबुवा वळले. चौकात झुळूक उभी होती, आणि तिच्या पोटाखाली महिन्याभराचं शिंगरू लुचत होतं.

राजानं कसंबसं हसू दाबलं. "पण अट होती की ही शर्यतीत असली पाहिजे."

"होती की, महाराज. आत्ताच शेवटी आली. अख्ख्या दरबारानं पाहिलं. आणि हरली नाही, ते आपण पाहताय. गादीवरून उठावंही लागलं नाही."

"मग हे निशाण?"

साळूनं सांगितलं. गाभण घोडीचं पोट दिसायला लागलं तेव्हापासून मैदानावर सहाच घोडे पळतात. पण हुकूम सात निशाणांचा, आणि 'आलीच नाही' असं सांगणारं निशाण कोणी शिवलेलंच नाही. सगळे येऊन गेल्यावर जी उरते ती शेवटची, म्हणून तिचं निशाण शेवटी हलवतात. मैदानावरच्या उघड्या पोरांनाही सहा मोजता येतात. इथे मात्र सातच पोचतात.

"मागच्या खेपेला मान टाकली होती, ते मात्र भाटबुवांनी बरोबर पाहिलं," ती म्हणाली. "हे अर्धं बाहेर आलं होतं."

राजा इतका हसला की गादीवरून घसरला. कारभाऱ्यांनी हात हळूच उपरण्याखाली घेतले. राजानं ते बाहेर काढायला लावले आणि आठही अंगठ्या साळूच्या ओंजळीत टाकल्या. आणखी काय हवं, असंही विचारलं.

"घोडीला सव्वा महिना विश्रांती, महाराज."

"दिली. आणि तुला?"

"माझ्या सव्वा महिन्यातले तेराच दिवस मिळाले होते. उरलेले द्या."

राजा पुन्हा हसला. दिवस तर दिलेच, वर मुदपाकखान्यातून टोपलीभर डिंकाचे लाडू दिले, आणि ते पोचवायचं काम भाटबुवांना दिलं. चालत, सहा कोस, भर उन्हात. वाटेत जे दिसेल ते परत येऊन सांगायचं होतं. न दिसलेलं काहीही नाही.